मीठ, साखर आणि पाणी : शरीराच्या अभ्यासकासाठी रसायनशास्त्राची पहिली ओळख

मानवी शरीराचा अभ्यास करावयास निघालेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच प्रकरणात अणू, रेणू, आयन, अम्ल, क्षारक असे शब्द भेटतात आणि पुष्कळदा त्याचा हिरमोड होतो. हृदय कसे चालते, अन्न कसे पचते, हे जाणण्यासाठी त्याने पुस्तक हाती घेतलेले असते. मग हे रसायनशास्त्र मध्येच कशासाठी, असे त्याला वाटते. या शंकेचे उत्तर प्रस्तुत लेखात एका साध्या वस्तूच्या आधाराने द्यावयाचे आहे. ती वस्तू म्हणजे औषधांच्या दुकानात आणि सरकारी दवाखान्यात मिळणारी जलसंजीवनीची पुडी.

अतिसाराने गळून गेलेल्या मुलाला ही पूड पाण्यात विरघळवून पाजतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये मान्य केलेल्या सूत्राप्रमाणे एक लिटर पाण्यासाठी पुडीत पुढील चार पदार्थ असतात : साधे मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. एकूण वजन अवघे २०.५ ग्रॅम. यांतील एकही पदार्थ दुर्मिळ नाही आणि रोगजंतूंना मारण्याचे सामर्थ्य एकातही नाही. असे असूनही या मिश्रणाने जगभर लक्षावधी मुलांचे प्राण वाचविले आहेत. ते कसे, हे समजण्यासाठी जेवढे रसायनशास्त्र लागते, जवळजवळ तेवढेच शरीरशास्त्राच्या अभ्यासकाला प्रारंभी पुरे होते.

अणू, रेणू आणि आयन

मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण म्हणजे अणू. अणूच्या केंद्रात धन विद्युत् भाराचे प्रोटॉन असतात आणि केंद्राभोवती ऋण भाराचे इलेक्ट्रॉन असतात. दोहोंची संख्या समान असल्यामुळे अणू एकंदरीत भाररहित असतो. सोडियमच्या अणूत ११ प्रोटॉन व ११ इलेक्ट्रॉन असतात. क्लोरीनच्या अणूत ते प्रत्येकी १७ असतात. सोडियमच्या सर्वांत बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो आणि तो सहज सुटतो. उलट क्लोरीनच्या बाहेरच्या कवचात एका इलेक्ट्रॉनची उणीव असते. ही दोन मूलद्रव्ये एकत्र आली म्हणजे सोडियम आपला इलेक्ट्रॉन देतो व क्लोरीन तो घेतो. आता सोडियमजवळ ११ प्रोटॉन आणि १० इलेक्ट्रॉन उरतात, म्हणून त्याच्यावर एक धन भार येतो. क्लोरीनवर एक ऋण भार येतो. अशा भारित कणाला आयन म्हणतात. मिठाचा खडा म्हणजे धन व ऋण आयनांची एकाआड एक रचलेली रास होय.

ग्लुकोजची गोष्ट निराळी आहे. त्याच्या एका रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ असे २४ अणू असतात. हे अणू इलेक्ट्रॉनांची देवघेव करीत नाहीत. शेजारी शेजारी राहून त्यांची भागीदारी करतात. या भागीदारीने जखडलेला अणूंचा गट म्हणजे रेणू. ग्लुकोज पाण्यात विरघळले तरी त्याचा रेणू अभंग राहतो. मीठ मात्र विरघळताच त्याचे दोन प्रकारचे आयन एकमेकांपासून मोकळे होतात. हा भेद विद्यार्थ्याने नीट ध्यानात ठेवावा; पुढे त्याचा उपयोग पडणार आहे.

विरघळविण्याचे हे काम पाणी करते. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक व हायड्रोजनचे दोन अणू असतात. ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांना आपल्याकडे अधिक ओढून घेतो. त्यामुळे रेणूची ऑक्सिजनकडील बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनकडील बाजू किंचित धन होते. मिठाचा खडा पाण्यात पडला की पाण्याचे रेणू सोडियमकडे आपली ऋण बाजू व क्लोराइडकडे आपली धन बाजू करून त्यांना वेढून टाकतात आणि राशीतून सोडवून नेतात. प्रौढ पुरुषाच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पाणी असतो. तान्ह्या मुलात हे प्रमाण आणखी मोठे असते. शरीरातील बहुतेक रासायनिक घडामोडी याच पाण्यात चालतात.

वजन नव्हे, संख्या

आता एक महत्त्वाचा प्रश्न येतो. पुडीत ग्लुकोज १३.५ ग्रॅम आणि मीठ २.६ ग्रॅम आहे. म्हणजे ग्लुकोज मिठाच्या पाचपट झाले काय? वजनाने झाले, परंतु शरीरातील पेशी वजन करीत नाही. पेशीच्या दाराशी एकेक कण येतो आणि एकेक कण आत जातो. म्हणून येथे कणांची संख्या मोजली पाहिजे.

कण अतिसूक्ष्म असल्यामुळे ते एकेक करून मोजता येत नाहीत. दुकानदार जसा वस्तू डझनाने मोजतो, तसा रसायनशास्त्रज्ञ कण मोलाने मोजतो. एक मोल म्हणजे किती, तर ६ या अंकापुढे २३ शून्ये मांडावीत, जवळजवळ तितके कण. एक मोल सोडियम क्लोराइडचे वजन ५८.५ ग्रॅम भरते. एक मोल ग्लुकोजचे १८० ग्रॅम. मोलाच्या हजाराव्या भागाला मिलिमोल म्हणतात.

या मापाने पुडीचा हिशेब मांडून पाहू. १३.५ ग्रॅम ग्लुकोज भागिले १८० म्हणजे ०.०७५ मोल, अर्थात ७५ मिलिमोल. मिठाचे २.६ ग्रॅम भागिले ५८.५ म्हणजे सुमारे ४५ मिलिमोल. त्यातून सोडियमचे ४५ आणि क्लोराइडचे ४५ मिलिमोल मिळतात. पोटॅशियम क्लोराइडच्या एका मोलाचे वजन ७४.५ ग्रॅम, म्हणून १.५ ग्रॅमांतून पोटॅशियम व क्लोराइड प्रत्येकी २० मिलिमोल येतात. ट्रायसोडियम सायट्रेटचा एक मोल, स्फटिकातील पाणी धरून, २९४ ग्रॅमांचा असतो. त्याचे २.९ ग्रॅम म्हणजे १० मिलिमोल. आणि नावाप्रमाणे त्याच्या प्रत्येक घटकाबरोबर तीन सोडियम आयन येत असल्यामुळे आणखी ३० मिलिमोल सोडियम मिळते.

बेरीज अशी होते : सोडियम ७५, क्लोराइड ६५, पोटॅशियम २०, सायट्रेट १०, ग्लुकोज ७५. एकूण २४५ मिलिमोल कण. वजनात पाचपट दिसणारे ग्लुकोज संख्येत सोडियमच्या बरोबर निघाले. ही बरोबरी योगायोगाने आलेली नाही. तिचे कारण पुढे येईल.

पाणी कोणीकडे जाते?

लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की काही वेळाने भांड्यात पाणी सुटते, हे सर्वांनी पाहिलेले आहे. उलट मनुका साध्या पाण्यात टाकल्या तर फुगतात. दोन्हींच्या मुळाशी एकच नियम आहे. पाणी जाऊ देणारा पण विरघळलेल्या पदार्थाला अडविणारा पडदा मध्ये असेल, तर जिकडे विरघळलेले कण दाट असतात तिकडे पाणी ओढले जाते. या क्रियेला तर्षण म्हणतात. कित्येक पुस्तकांत तिला परासरण असे नाव दिलेले आढळते. येथे कण कोणता हे गौण असते, किती आहेत हे मुख्य. म्हणूनच मिठाचा एक मोल ग्लुकोजच्या एका मोलापेक्षा जवळजवळ दुप्पट पाणी ओढू शकतो, कारण त्याचे दोन आयन होतात.

आपल्या प्रत्येक पेशीभोवती असा एक पडदा आहे. तो पेशीपटल या नावाने ओळखला जातो. तो मुख्यतः मेदाचा दुपदरी पापुद्रा असून त्यात जागोजाग प्रथिनांचे रेणू बसविलेले असतात. भारित आयनाला मेदातून वाट नाही. त्याला प्रथिनांच्या दारांतूनच ये-जा करावी लागते. रक्तद्रवात सोडियम लिटरला सुमारे १४० मिलिमोल असते, तर पेशीच्या आत ते १० ते १५ च्या आसपासच असते. पोटॅशियमचे उलट आहे : आत सुमारे १४०, बाहेर सुमारे ४. पेशीपटलातील एक पंप अहोरात्र तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो, म्हणून हा फरक टिकून राहतो. त्यासाठी पेशीला सतत ऊर्जा खर्च करावी लागते.

रक्तद्रवातील सर्व कणांची बेरीज लिटरला सुमारे २९० मिलिमोल असते आणि पेशींच्या आतही तितकीच असते. हा समतोल ढळला की पेशी फुगते किंवा आक्रसते. इतर अवयवांपेक्षा मेंदूला हे कमी सोसते, कारण कवटीत फुगण्यास जागा नसते.

पटकीच्या रोग्याचे काय होते?

पटकीचे जंतू लहान आतड्यात एक विष सोडतात. हे विष रक्तात न मिसळता आतड्यातच काम करते, हे कलकत्त्याचे शास्त्रज्ञ शंभुनाथ दे यांनी आपल्या प्रयोगांनी दाखविले. त्यांचा निबंध १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. या विषामुळे आतड्याच्या अस्तरातील पेशींची क्लोराइड बाहेर सोडणारी दारे उघडी राहतात. क्लोराइड आतड्याच्या पोकळीत वाहू लागते. त्याच्या ऋण भारामागे सोडियम जाते. कणांची दाटी झाली की तर्षणाने पाणी जाते. प्रौढ रोग्याच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत द्रव जाऊ शकतो. डोळे खोल जातात, नाडी लागत नाही, आणि उपचार न झाल्यास काही तासांत मृत्यू ओढवतो. म्हणजे रोग्याचा प्राण जातो तो मुख्यतः पाणी आणि लवणे गेल्यामुळे.

हे १८३१ मध्येच विल्यम ओशॉनेसी या तरुण वैद्याने रोग्यांच्या रक्ताचे रासायनिक पृथक्करण करून ओळखले होते. रक्तातून पाणी, लवणे व अल्क नष्ट झालेले आहेत, असे त्याला आढळले. पुढल्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये टॉमस लॅटा याने रोग्यांच्या शिरेत लवणाचे पाणी सोडून पाहिले. शिरेतून दिलेले पाणी आजही अत्यवस्थ रोग्याला वाचविते. परंतु त्यासाठी निर्जंतुक द्रव, सुया आणि जाणती माणसे लागतात. आणि साथ येते ती बहुधा जेथे यांतले काहीच नसते तेथे.

मग रोग्याला पाणी पाजले तर? नुसते पाणी किंवा नुसते मीठपाणी या रोगात पुरेसे शोषले जात नाही. येथे ग्लुकोज मदतीला येते. आतड्याच्या पेशीत एक वाहक प्रथिन आहे. ते सोडियम व ग्लुकोज यांना एकत्रच आत घेते. एकट्याने कोणालाही नेत नाही. एका ग्लुकोजबरोबर दोन सोडियम आयन आत जातात, आणि कणांमागून तर्षणाने पाणीही आत येते. अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडवाहतुकीची कल्पना १९६० मध्ये प्राग येथील परिषदेत मांडली. वैद्यकाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट अशी की, पटकीचे विष क्लोराइडचे दार उघडते, पण या वाहकाला धक्का लावीत नाही. एक दार फुटलेले असले तरी दुसरे शाबूत असते. पुडीत सोडियम आणि ग्लुकोज समसमान ठेवलेले आहेत ते यासाठी. वाहकाला दोघांचीही गरज असते आणि ग्लुकोजचा साठा सोडियमच्या आधी संपून चालत नाही.

अम्ल, क्षारक आणि सामू

पुडीतील सायट्रेटचे काम समजण्यासाठी आणखी एक कल्पना लागते. पाण्यात हायड्रोजन आयन सोडणारा पदार्थ तो अम्ल, आणि हे आयन स्वीकारणारा पदार्थ तो क्षारक. हायड्रोजन आयनांची दाटी ज्या अंकाने दर्शवितात त्याला सामू म्हणतात. शाळेत पीएच म्हणून शिकवितात तोच हा. शुद्ध पाण्याचा सामू ७. त्याखाली अम्लता, त्यावर क्षारकता. लिंबाच्या रसाचा सामू २ च्या जवळपास असतो. एक अंक खाली आला की हायड्रोजन आयन दसपट होतात, म्हणून सामूतील लहान फरकही मोठा असतो. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद मर्यादेत राहतो. तो ७.४ वरून ७.१ वर आला तर हायड्रोजन आयन दुप्पट झाले असे समजावे.

रक्ताचा सामू स्थिर ठेवण्यात बायकार्बोनेट आयनाचा मोठा वाटा आहे. जादा हायड्रोजन आयन आला की बायकार्बोनेट त्याला धरते. त्यातून कार्बोनिक अम्ल बनते, त्याचे पाणी व कार्बन डायऑक्साइड होते, आणि कार्बन डायऑक्साइड श्वासावाटे बाहेर पडतो. पटकीत बायकार्बोनेट मलावाटे वाहून जाते, रक्त अम्लतेकडे झुकते आणि रोगी खोल व जलद श्वास घेऊ लागतो. ही उणीव भरून काढण्यासाठी जुन्या सूत्रात खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, लिटरला ३० मिलिमोल असे. परंतु दमट हवेत ती पूड लवकर बिघडे. म्हणून १९८० च्या दशकात त्याच्या जागी अधिक टिकाऊ असे सायट्रेट आले. शरीरात एका सायट्रेटचे ज्वलन झाले की तीन बायकार्बोनेट मिळतात. तेव्हा १० मिलिमोल सायट्रेट ३० मिलिमोल बायकार्बोनेटची जागा भरून काढते. येथेही हिशेब संख्येचाच आहे.

पोटॅशियमचे कारण आता वेगळे सांगावयास नको. तेही मलावाटे जाते, आणि रक्तातील त्याचे लहानसे प्रमाण फार घटले तर स्नायू दुबळे होतात व हृदयाची लय बिघडते.

बनगाव, १९७१

तोंडाने लवण व ग्लुकोज देऊन पटकीचे रोगी बरे केल्याचा अनुभव कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ मध्येच प्रसिद्ध केला होता. १९६८ मध्ये ढाक्यातील संशोधकांनी मोजमाप ठेवून या उपायाची सिद्धता दिली. तरीही रुग्णालयाबाहेर, अशिक्षित माणसांच्या हाती हे काम सोपवावे काय, याविषयी पुष्कळ वैद्य साशंक होते.

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि छावण्यांत पटकीची साथ भडकली. सीमेजवळच्या बनगाव येथे बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनबीस काम करीत होते. शिरेतून द्यावयाचा द्रव संपत आला होता आणि रोग्यांची रांग संपत नव्हती. तेव्हा त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे मोजून मिश्रण तयार करविले, ते पाण्यात विरघळवून ठेवले आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच ते पाजावयास सांगितले. पूर्वी त्या छावणीत शेकडा ३० च्या आसपास रोगी दगावत असत. या उपचाराखालील रोग्यांत हे प्रमाण शेकडा ४ च्याही खाली आले. पुढे १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी सर्व देशांसाठी एक सूत्र मान्य केले. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये निवर्तले; २०२३ मध्ये भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

प्रमाण हेच औषध

२००२ पूर्वीच्या सायट्रेटयुक्त सूत्रातील कणांची बेरीज सुमारे ३११ होती, म्हणजे रक्तद्रवापेक्षा थोडी अधिक. २००२ मध्ये ती २४५ वर आणली गेली. द्रावण रक्तापेक्षा विरळ झाल्यामुळे पाणी शरीराकडे अधिक सहज येते. मुलांचे जुलाब व वांत्या कमी होतात आणि शिरेतून द्रव देण्याची वेळ कमी वेळा येते, असे चाचण्यांत दिसून आले.

आता घरोघरी होणाऱ्या चुकांचा अर्थ लागतो. पुडी अर्ध्या लिटरमध्ये कालविली, तर बेरीज ४९० होते. असे पाणी उलट शरीरातूनच आतड्यात पाणी ओढते, आणि त्यातील जादा सोडियम रक्तात जाऊन मेंदूच्या पेशी आक्रसतात. मुलाला झटके येऊ शकतात. पुडी दोन लिटरमध्ये कालविली, तर लवणे कमी पडतात. लिटरला १०० ग्रॅम साखर असलेले शीतपेय दिले, तर आतड्यात त्या साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन तुकडे होऊन कणांची संख्या ५८० च्या जवळ जाते आणि सोडियम मात्र नाममात्र असते. अशाने जुलाब वाढतात. याउलट पुडी जवळ नसेल तेव्हा एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून तात्पुरते काम भागविता येते. तयार केलेले पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. रोगी शुद्धीवर नसेल, पिऊ शकत नसेल किंवा फार गळून गेला असेल, तर वेळ न दवडता त्याला रुग्णालयात न्यावे. त्याला शिरेतूनच द्रव मिळाला पाहिजे.

विद्यार्थ्याने पाहिले असेल की, अणू, आयन, मोल, तर्षण आणि सामू या पाच कल्पनांपलीकडे आपण कोठे गेलो नाही. याच कल्पना पुढे मज्जातंतूचा संदेश, मूत्रपिंडाचे कार्य आणि श्वसन शिकताना पुन्हा पुन्हा भेटतील. शरीरात कोणताही पदार्थ स्वभावतः केवळ औषध किंवा केवळ विष नसतो. तो किती कणांनी, कोणत्या भाराने आणि कोणत्या दारातून आत येतो, यावर त्याचा परिणाम ठरतो. तेव्हा पुडीवर छापलेली ‘एक लिटर पाण्यात’ ही सूचना म्हणजे वर केलेल्या सर्व हिशेबाचे सार आहे. घरातील एखाद्या मुलाचा प्राण ती सूचना नीट वाचण्यावर अवलंबून असू शकतो.

विचारासाठी प्रश्न

१. शिरेतून द्यावयाच्या साध्या लवणद्रावणात लिटरला ९ ग्रॅम सोडियम क्लोराइड असते. त्यात सोडियमचे व क्लोराइडचे किती मिलिमोल झाले, आणि कणांची बेरीज किती? ती रक्तद्रवाच्या बेरजेशी ताडून पाहा. (उत्तर : प्रत्येकी सुमारे १५४; बेरीज सुमारे ३०८.)

२. काही मनुका साध्या पाण्यात व काही साखरेच्या घट्ट पाकात रात्रभर ठेवा. सकाळी दोहोंत दिसणाऱ्या फरकाचे कारण तर्षणाच्या नियमाने सांगा.

३. पटकीच्या विषाने क्लोराइडच्या दाराऐवजी सोडियम-ग्लुकोज वाहकच निकामी केला असता, तर जलसंजीवनीचा उपयोग झाला असता काय? सकारण उत्तर द्या.